पुढचे शॉकअप गेलेत का? आधी ओळखा, मग बदला

पावसाळा संपला की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पुढून खडखड येतेय, शॉकअप गेले वाटतं." मीही काही वर्षांपूर्वी हेच बोललो होतो. गणपतीला गावी जाऊन आलो, महाडच्या पुढे गाडी खड्ड्यांतून आपटत गेली होती, आणि घरी आल्यावर डाव्या पुढच्या चाकाकडून टकटक सुरू झाली. मेकॅनिकने पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. आवाज तसाच. शेवटी दुसऱ्या एका गॅरेजवाल्या काकांनी चाकामागे हात घालून बोटभर जाडीचा एक दांडा हलवून दाखवला. तो लिंक रॉड. त्याचा बॉल सैल झाला होता. काढून टाकलेले माझे जुने शॉकअप काकांनी उभे धरून दाबून पाहिले आणि म्हणाले, "अहो, हे चांगले होते की!"

त्यानंतर मी रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसायला लागलो आणि हे काम हळूहळू शिकलो. जे शिकलो ते नवख्या माणसाला समजेल असं इथे लिहितोय. उदाहरण आपल्याकडच्या नेहमीच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीचं घेतलंय. पाने चालवण्यापेक्षा दुखणं ओळखण्यावर जास्त लिहिलंय, कारण पैसे आणि दिवस तिथेच वाया जातात.

स्ट्रट म्हणजे नेमकं काय

अँबॅसिडर, पद्मिनीच्या काळात पुढची रचना वेगळी होती. मारुती 800 आपल्याकडे 1983 साली आली आणि तिच्याबरोबर मॅकफर्सन स्ट्रट सर्वसामान्य घरांत पोचला. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही कल्पना. ब्रिटनमध्ये 1950 च्या सुमारास आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत ती पुढच्या चाकांना वापरली गेली. आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे हीच रचना असते.

स्ट्रट म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवती बसवलेली स्प्रिंग, असा एकच खांब. वर तो रबरी माउंटिंगमधून बॉनेटखालच्या पत्र्याला धरलेला असतो, खाली दोन जाड बोल्टांनी नकलला. नकल म्हणजे चाकाचं हब, म्हणजे चाक ज्याला आवळतात तो मधला भाग, ज्यावर बसतं तो ओतीव तुकडा. स्टिअरिंग फिरवलं की हा अख्खा खांब फिरतो, म्हणून वरच्या माउंटिंगखाली एक चपटं बेअरिंग असतं.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते, शॉकअप नाही. शॉकअपचं काम स्प्रिंगचं नाचणं थांबवणं. आत तेल असतं, पिस्टनला बारीक वाटा असतात, तेल त्यांतून जबरदस्तीने ढकललं जातं आणि उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. त्यामुळे गाडी एका बाजूला खाली बसली असेल तर आधी स्प्रिंग बघा, आणि खड्डा गेल्यावरही गाडी डुलत राहत असेल तर शॉकअप.

दुखणं ओळखणं

शॉकअप बहुतेक वेळा गुपचूप मरतो. महिन्या-महिन्याने थोडा थोडा कमजोर होतो, आपल्या हाताला त्याची सवय होत जाते, आणि गाडी पहिल्यासारखी राहिली नाही हे कळतच नाही. मागे बसणाऱ्याला मात्र आधी कळतं. पूर्वी घाटात कधी न मळमळलेलं पोर हल्ली उलटी काढतंय, हेसुद्धा लक्षण मानायला हरकत नाही.

सुरुवात चालवून करा. रिकाम्या, सरळ रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात जोरात ब्रेक दाबा. नाक थोडं खाली जाणारच. थांबल्यावर ते एकदा वर येऊन स्थिर झालं तर ठीक. पुढे-मागे झुलत राहिलं तर शंका घ्या. हायवेवर पुलाच्या तोंडाशी रस्ता लाटेसारखा खाली-वर होतो, तिथेही लक्ष द्या. चांगली गाडी एका दमात बसते. शॉकअप गेलेली गाडी लाट सरल्यावरही दोन-तीन हेलकावे घेते, आणि त्या वेळी स्टिअरिंग हातात हलकं झाल्यासारखं वाटतं. ते हलकेपण धोक्याचं आहे. चाक रस्त्यावर दाबून बसत नाहीये, असा त्याचा अर्थ. ओल्या रस्त्यावर अशा गाडीला थांबायला जास्त अंतर लागतं.

मग गाडी उभी करा. मडगार्डच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी वजन टाकून दोन-तीनदा दाबा आणि सोडा. गाडी वर येऊन एकदाच खाली बसली पाहिजे. ही चाचणी सगळ्यांना माहीत असते, पण तिच्यावर मी फार विसंबत नाही. पूर्ण मेलेला शॉकअप ती दाखवते, अर्धमेला त्यातून पास होतो. डावी-उजवी बाजू एकापाठोपाठ दाबून फरक जाणवतो का, तेवढ्यासाठी ती कामाची.

आता टॉर्च घेऊन खाली वाका. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की चाकामागचा स्ट्रट नीट दिसतो. वरच्या रबरी कव्हरखालची नळी बघा. नुसती धूळ असेल तर उत्तम. किंचित तेलकट थर आणि त्यावर धूळ चिकटलेली असेल तर घाबरू नका, नळीत वर-खाली होणाऱ्या दांडीबरोबर थोडं तेल बाहेर येतंच. नळी पुसून घ्या आणि आठ दिवसांनी पुन्हा बघा. पण बोट फिरवल्यावर बोट ओलं झालं, तेलाचे ओघळ खालच्या ब्रॅकेटपर्यंत आलेले दिसले, तर तो शॉकअप संपला. ओघळ वरून खालीच आलेत ना, तेही बघा. ड्राइव्हशाफ्टचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) बूट, म्हणजे त्यावरचं रबरी कव्हर, फाटलं तर आतलं ग्रीस फिरत्या शाफ्टवरून चौफेर उडतं आणि स्ट्रटलाही लागतं. ते जाड आणि काळं असतं, शॉकअपचं तेल पातळ.

टायर फार काही सांगतं. तळहात टायरच्या नक्षीवरून गोलाईच्या दिशेने सावकाश फिरवा, एकदा पुढे, एकदा मागे. ठरावीक अंतरावर उंचवटा, खोलगा, पुन्हा उंचवटा असं हाताला लागलं तर चाक रस्त्यावर उड्या मारत चाललंय. शॉकअप कमजोर असल्याची ही मोठी खूण. टायरची फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली असेल तर तो बहुधा अलाइनमेंटचा प्रश्न असतो.

आवाज कुठला, ते शोधताना

माझी फसगत इथे झाली होती. खराब रस्त्यावर पंधरा-वीसच्या वेगात बारीक, सुका टक-टक-टक येत असेल, तर पहिला संशय स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडवर घ्या. स्टॅबिलायझर म्हणजे वळणावर गाडी कमी कलावी म्हणून डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा आडवा दांडा. गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी ठेवून रॉड हाताने जोरात हलवा. एकच चाक उचलून तपासू नका, कारण तेव्हा स्टॅबिलायझर पिळलेला असतो, रॉडवर ताण येतो आणि सैल बॉलही घट्ट वाटतो. काकांची आणखी एक युक्ती: दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडवून बाजूला बांधायचे आणि गल्लीतल्या गल्लीत अगदी सावकाश एक चक्कर मारायची. आवाज गेला तर चोर सापडला. अशी गाडी मोठ्या रस्त्यावर मात्र नेऊ नका, वळणावर ती जास्त कलते.

उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना "टण्ण" असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज येत असेल, तर वरचं बेअरिंग जाम झालंय. एकाने स्टिअरिंग फिरवावं, दुसऱ्याने स्प्रिंगला बाहेरून तळहात टेकवावा. बोटं वेढ्यांच्या मध्ये अजिबात घालू नका. स्प्रिंग सारखी न फिरता अडकून झटक्याने फिरली तर ते हाताला लगेच कळतं.

मोठ्या खड्ड्यात "धाड्" असा पत्र्यावर पत्रा आपटल्यासारखा आवाज आला तर बंप स्टॉप बघा. दांडीवरचा हा फोमसारखा ठोकळा वर्षानुवर्षांनी भुगा होऊन पडतो. चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर बॉल जॉइंट (नकलखालचा गोल सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग, डावी-उजवीकडे धरून जाणवला तर बहुधा टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचं टोक). यातलं काहीही असेल तर शॉकअपला हात लावण्याआधी ते सोडवा.

स्प्रिंगसाठी टेप घ्या. सपाट जमिनीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजा. बोटभर फरक निघाला तर स्प्रिंगचा अगदी खालचा वेढा नीट बघा. तिथे पाणी आणि चिखल साचतो, गंज धरतो आणि टोक तुटतं. तुटलेला तुकडा खालच्या कपात लपून बसतो, म्हणून टॉर्चशिवाय दिसत नाही.

सामान घेताना

शॉकअप डावा-उजवा जोडीनेच बदला. एक नवा आणि एक जुना असला की गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हांनी वागते, आणि जोरात ब्रेक मारताना ते बरोबर नाही. त्याच वेळी वरचं माउंटिंग, बेअरिंग, बंप स्टॉप, धुळीचं कव्हर आणि लॉकनटही नवे घ्या. माउंटिंग वाचवून हजार-दीड हजार राहतील, पण सहा महिन्यांनी तेच गेलं तर सगळं पुन्हा खोलावं लागेल.

भोक पाडून तेल भरून पुन्हा बंद केलेले "रिकंडिशन" शॉकअप बाजारात मिळतात. मी ते कधीच घेणार नाही. आतले वॉल्व्ह आणि सील झिजलेलेच असतात, नवं तेल भरून ते बरे होत नाहीत. डबा उघडल्यावर डावा-उजवा बघून घ्या. ब्रेकच्या होजची (रबरी नळीची) पट्टी दोन्हींना उलट बाजूला असते, आणि दुकानदाराकडून दोन्ही एकाच बाजूचे दिले जाणं फार घडतं.

हत्यारं: चांगला जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), 12 ते 19 च्या गोट्या (सॉकेट) आणि रॅचेट, तेवढेच रिंग पाने, एल-कीचा संच, लांब टॉमी (तरफेसारखी पहार), हातोडी, वायर ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराइतकाच नट आवळता येतो तो पाना. टॉर्क रेंच भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून आणला तरी चालेल, पण हवाच. नट किती घट्ट करायचा तो आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, दुसऱ्या गाडीचा वापरू नका.

खोलणं

आदल्या संध्याकाळी खालच्या दोन बोल्टांना आणि लिंक रॉडच्या नटला वायर ब्रश मारून स्प्रे मारून ठेवा. किनाऱ्याजवळ चाललेल्या गाडीला तर दोनदा. सकाळी निम्मी झटापट वाचते.

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. विटा लावू नका, त्या फुटतात. चाक जमिनीवर असतानाच त्याचे नट थोडे ढिले करा. मग जॅक लावा, कंपनीने सांगितलेल्या जागेखाली घोडी लावा, गाडी घोडीवर टेकवा आणि हलवून बघा. काढलेलं चाक दारांखाली, गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवा. घोडी घसरलीच तर गाडी त्यावर पडेल. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही.

स्ट्रटला धरलेली ब्रेकची होज आणि एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर त्यांच्या पट्टीतून सोडवा. लिंक रॉडचा नट फिरवताना आतला बॉलही गरगर फिरतो, म्हणून स्टडच्या टोकाच्या खाचेत एल-की धरून बाहेरचा नट रिंग पान्याने सोडवा.

खालचे दोन बोल्ट सोडवण्याआधी स्ट्रटचं ब्रॅकेट आणि नकल यांच्यावर रंगाच्या खुणा करा, आणि बोल्टची डोकी कुठल्या बाजूला आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढा. आता बोल्टचं डोकं धरून फक्त नट फिरवा. पुष्कळ गाड्यांत या बोल्टांच्या मानेला बारीक दाते असतात, बोल्टच फिरवला तर ते भोक खरवडतात. नट शेवटच्या दोन आट्यांवर ठेवून त्यावर हातोडीने ठोका, म्हणजे आटे खराब न होता बोल्ट मागे सरकतो.

दुसरा बोल्ट काढायच्या आधी नकलला दोरी किंवा जाड तार घालून वर बांधून ठेवा. तो मोकळा झाला की बाहेर झुकतो, आणि त्याच्याबरोबर ब्रेकची होज ताणली जाते. ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट बाहेर ओढला गेला तर वेगळंच काम उभं राहतं.

आता बॉनेट उघडा. वर माउंटिंग धरणारे दोन किंवा तीन छोटे नट कडेला दिसतात, आणि मध्ये एक मोठा. मधल्या नटला हात लावायचा नाही. दाबलेल्या स्प्रिंगला तो एकटाच धरून असतो. कडेचे नट काढा, शेवटचा काढताना एका हाताने स्ट्रट खालून धरून ठेवा, आणि लोअर आर्म (नकलला खालून धरणारा आडवा हात) टॉमीने खाली दाबून स्ट्रट बाहेर काढा. तुमच्या गाडीला वर फक्त मधलाच नट दिसत असेल तर तिथेच थांबा. काही मॉडेलमध्ये रचना वेगळी असते, ती मॅन्युअल न बघता उघडायची नाही.

स्प्रिंग

हे वाचताना घाई करू नका. ही स्प्रिंग गाडीच्या त्या कोपऱ्याचं अडीचशे-तीनशे किलो वजन उचलते. ती हातात असताना सुटली तर माउंटिंग गोळीसारखं उडतं. हात तुटतो, जीवही जाऊ शकतो.

म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला मी सांगतो: दोन्ही स्ट्रट काढा, नव्या सामानासकट पिशवीत घाला आणि ज्या गॅरेजमध्ये भिंतीवर किंवा टेबलावर पक्का बसवलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणारं यंत्र, आहे तिथे न्या. ते समोर उभं राहून बदलून घ्या. बाकी सगळं काम तुम्ही स्वतः केलेलं आहेच. मीसुद्धा पहिले दोन जोड असेच करून घेतले.

स्वतः करणार असाल तर दोन लांब स्क्रूंचा, मजबूत आकड्यांचा कॉम्प्रेसर घ्या. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावा. दोन्ही आकडे स्प्रिंगच्या अगदी समोरासमोर, जास्तीत जास्त वेढे धरतील असे लावा. मग हातपान्यानेच, एका बाजूला अर्धा फेरा, दुसऱ्या बाजूला अर्धा फेरा, असं आळीपाळीने आवळत जा. हवेची गन वापरू नका. स्प्रिंग वाकडी होताना किंवा आकडा सरकताना दिसला तर सैल करून पुन्हा लावा. चेहरा आणि शरीर स्ट्रटच्या दोन्ही टोकांच्या रेषेत कधीच आणू नका. स्प्रिंग आपल्या कपात हाताने हलायला लागली, वरच्या माउंटिंगवर तिचा दाब उरला नाही, की मगच दांडी एल-कीने धरून मधला नट सोडवा.

एकेक भाग निघेल तसा जमिनीवर ओळीने मांडा आणि फोटो काढा: नट, माउंटिंग, बेअरिंग, वरचा कप, रबर, स्प्रिंग, बंप स्टॉप, कव्हर. जुना शॉकअप उभा धरून दांडी हाताने दाबून बघा. चांगला असेल तर पूर्ण लांबीभर सारखा जोर लागतो, आणि गॅसचा असेल तर दांडी आपोआप सावकाश वर येते. गेलेला मध्येच पोकळ लागतो, जणू आत काही नाहीच. एकदा हाताला तो फरक कळला की विसरत नाही.

जोडणं

नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर करा. आडवा पडून राहिल्याने नळीत शिरलेली हवा निघते. दांडी पक्कडीने धरू नका. तिच्यावर बारीक ओरखडा पडला तरी तो सील कापतो आणि नवा शॉकअप थोड्याच दिवसांत गळायला लागतो.

स्प्रिंगचं खालचं टोक कपातल्या पायरीला टेकलेलं हवं. फिरून दुसरीकडे बसलं तर स्प्रिंग नंतर जागा घेताना आवाज करेल आणि उंचीही बदलेल. बेअरिंगची वरची बाजू फोटोत बघून तशीच लावा. मधला नवा लॉकनट टॉर्क रेंचने आवळा, आणि मगच कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी थोडा थोडा सैल करा.

गाडीवर चढवताना वरचे नट आधी नुसते हाताने लावा. खालची भोकं जुळत नसतील तर लोअर आर्मखाली जॅक लावून किंचित उचला, पण घोडीवरून गाडी उठू देऊ नका. नकल खुणेला आणून दोन्ही बोल्ट जुन्या बाजूनेच घाला आणि मॅन्युअलच्या आकड्याला घट्ट करा. होज, वायर, लिंक रॉड परत लावा. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा, होज कुठे घासत किंवा ताणत नाही ना. चाक बसवा, गाडी खाली घ्या, चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळा आणि वरचे माउंटिंगचे नट पक्के करा.

पहिल्यांदा एका बाजूला तीन-चार तास लागतील. लागू द्या.

त्यानंतर

पहिली चक्कर वीसच्या वेगात, काचा खाली करून मारा. गतिरोधकावरून दोनदा सावकाश जा. कुठे टक् झालं तर वरचे नट आणि लिंक रॉड पुन्हा तपासा.

अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. खालच्या बोल्टांच्या भोकांत थोडी सैल जागा असते, खुणेला बसवलं तरी चाकाचा उभा कल केसभर बदलतो आणि त्याबरोबर टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत, तेही. स्टिअरिंग सरळ वाटतंय म्हणून हे टाळू नका, नव्या टायरची कड काही हजार किलोमीटरमध्ये खाऊन टाकायला तेवढं पुरतं.

टायर आधीच लाटालाटांनी झिजलं असेल तर नव्या शॉकअपवरही त्याची घरघर चालूच राहते. ती टायरची आहे, काम चुकलेलं नाही. पन्नास ते शंभर किलोमीटर झाले की चाकाचे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने बघा, आणि टॉर्च घेऊन दोन्ही नळ्यांवरून बोट फिरवा. कोरड्या असायला हव्यात.